आत्याबाईला न्याय मिळालाच पाहिजे

महिपती नागटिळक हा माणूस भांडखोर म्हणून कुणालाच माहीत नव्हता. जुळे सोलापुरातल्या घरातून तो रोज एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात जायचा, आवक-जावकच्या टेबलावर बसायचा आणि आलेल्या कागदावर शिक्का मारून तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. रिक्षावाल्यानं भलत्याच चौकात उतरवलं तरी ‘असू द्या, तेवढंच चालणं होतंय’ म्हणून उरलेला रस्ता पायी तुडवायचा. (लहानपणीच्या आजारानं त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड राहिला होता, त्यामुळं हे चालणं काही सुखाचं नव्हतं. पण रिक्षावाल्याशी वाद घालण्यापेक्षा बरं.) अशा या माणसानं एका मंगळवारी सकाळी, कपातला चहा निवायच्या आत, मोबाइलवरचं स्टेटस बदलायचं ठरवलं. तिथपर्यंत त्याच्या स्टेटसला रोज एक गुलाबाचं फूल आणि ‘सुप्रभात’ असायचं.

कारण होतं ‘तांबडखोरे’.

‘तांबडखोरे’ ही पाच जाडजूड कादंबऱ्यांची मालिका. जमिनीच्या पोटात वसलेलं एक नगर, तिथं सूर्य नाही, म्हणून रोज हजार दिवे लावायचे. ते लावणारा कुशंक नावाचा एक लंगडा पोरगा, आणि त्याला पाठीवर घेऊन पाचही खंड हिंडणारं एक म्हातारं, आंधळं खेचर. कुशंकाला आईबाप नव्हते आणि हे खेचर त्याच्यावर सारखं फुरफुरायचं, म्हणून त्यानं त्याचं नाव ठेवलं होतं आत्याबाई. चौथ्या खंडात आत्याबाई राक्षसांच्या सेनापतीला लाथ घालते, तो प्रसंग महिपतीला तोंडपाठ होता. लग्नाआधी संस्थेनं त्याला सहा वर्षं मंगळवेढ्याच्या वसतिगृहावर पाठवलं होतं. चारी बाजूंनी ज्वारी, मधे एक खोली आणि खोलीत हा. त्या सहा वर्षांत त्याच्याशी मनापासून बोललं ते या पुस्तकांनीच. लंगडा माणूससुद्धा गोष्टीचा नायक असू शकतो, हे त्याला पहिल्या खंडाच्या अकराव्या पानावर कळलं, आणि ते पान वाचून वाचून त्यानं मऊ केलं होतं. ही गोष्ट मात्र तो कधी कुणाजवळ बोलला नव्हता.

आता या पुस्तकांवर टीव्ही मालिका येत होती. सोमवारी तिची झलक दाखवली. तिच्यात कुशंक सहा फूट उंच होता. तो धावत आला आणि दोन्ही पायांनी एक दरी ओलांडून गेला. दरीपलीकडं त्याच्यासाठी विद्युत नावाचा पांढराशुभ्र घोडा उभा होता. आत्याबाईचा पत्ताच नव्हता.

विजापूर वेशीत बडेसाबचं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. पूर्वी महिपतीनं तिसरा खंड त्याच्याकडं शिवायला टाकला होता. शिवता शिवता बडेसाब वाचत बसला आणि ‘चौथा आण, मगच हा देतो’ म्हणून अडून बसला. तेव्हापासून दोघांची दोस्ती. पुढं उर्दू शाळेतल्या फिरदोसबाई मिळाल्या, आणखी मंडळी मिळाली, आणि ‘तांबडखोरे वाचक मित्र, सोलापूर’ असा अकरा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. झलक बघून अकराच्या अकरा पेटले. रविवारी संध्याकाळी सात वाजता पहिला भाग होता. त्या वेळी सगळ्यांनी महिपतीच्या घरी जमायचं, फाटकावर फलक लावायचा, घोषणा द्यायच्या, आणि सात ते आठ बंद टीव्हीसमोर बसून त्याचा फोटो वाहिनीला पाठवायचा, असं ठरलं. बंद टीव्हीपुढं तासभर बसून नेमकं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. लढ्यात असले प्रश्न विचारत नाहीत.

तर मंगळवारी महिपतीनं गुलाब काढला आणि लिहिलं, ‘आत्याबाईला वगळणाऱ्यांनो, याद राखा. आत्याबाईला न्याय मिळालाच पाहिजे.’

बुधवारी लिहिलं, ‘सगळं ओझं तिनं वाहिलं, फोटोत मात्र भलताच.’

गुरुवारी सकाळी लिहिलं, ‘तिनं तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून काय तिला विसरून जायचं?’ हे लिहिताना त्याचे स्वतःचेच डोळे पाणावले. आपण एवढं चांगलं लिहितो हे इतकी वर्षं जावकच्या रजिस्टरात दबून राहिलं, असं त्याला वाटलं.

कार्यालयात हेडक्लार्कनं त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं की, वकील दिलाय का. महिपती म्हणाला, वकिलाची गरज नाही, जनता आमच्याबरोबर आहे. हेडक्लार्क त्याच्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघत जागेवर जाऊन बसला.

गुरुवारी दुपारी डबा खाताना फोन वाजला. अक्कलकोटची सारजाआत्या. ही महिपतीची सख्खी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तिचा मुलगा गुरू याच्या फोनवरून ती बोलत होती.

“गुरूनं वाचून दाखवलं तुजं,” ती म्हणाली. “तिनी दिवसाचं.”

महिपतीचा घास हातातच राहिला. लढा अक्कलकोटपर्यंत पोचला होता, आणि तोही त्याच्या आत्याच्या घरात. आत्या ‘तांबडखोरे’ कधी वाचून बसली, हे त्याला कळेना. पण स्वामींच्या मठात येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पुस्तकं मिळत असतील, असं त्यानं मनाशी जुळवून घेतलं.

“तुला बी वाटतंय न्हवं, अन्याय झाला म्हणून?” त्यानं विचारलं.

“मला न वाटून कुनाला वाटंल बाबा?”

“मग रविवारी ये. सगळीच जमणार हायती. आता गप बसायचं न्हाय.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “आन् तुजी आई?”

“आईला काय कळतंय यातलं? तिचं मी बघतो.”

“देव तुजं भलं करो,” आत्या म्हणाली आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी त्यानं ही बातमी मोठ्या अभिमानानं बायकोला सांगितली. उत्कर्षा भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच थांबले.

“स्टेटसला तुम्ही नुसतं आत्याबाई लिहिलंय?” तिनं विचारलं. “की खेचर आहे असं लिहिलंय?”

“खेचर कशाला लिहायचं? वाचणाऱ्यांना कळतंय की.”

“सारजाआत्यांनी वाचलंय का?”

महिपतीनं फोन काढून स्वतःच्याच ओळी पुन्हा वाचल्या. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली, आणि तिच्या वासाबरोबर सगळा प्रकार हळूहळू त्याच्या डोक्यात शिरला.

आता इथं एकोणीस वर्षांमागची हकीकत सांगायला हवी. महिपतीचं लग्न करकंबला झालं, गावच्या घरासमोर मांडव घालून. सारजाआत्या चार दिवस आधी आली होती. दोन दिवस ती चुलीपुढून हलली नाही. बुंदी पाडली, पुऱ्या तळल्या, तीनशे माणसांचं जेवण निघालं. मग फोटोग्राफरनं घरच्या मंडळींना ओळीनं उभं करून मोठा फोटो काढला. चौदा माणसं. पदराला हात पुसत आत्या बाहेर आली, तेव्हा तो माणूस पिशवीची चेन लावत होता. तिला कुणी हाकच मारली नव्हती. ती काही बोलली नाही. न जेवता संध्याकाळच्या यष्टीनं अक्कलकोटला निघून गेली. तेव्हापासून नणंद-भावजयींचं एकमेकींशी बोलणं नव्हतं. महिपतीची आई म्हणायची, माणसानं सांगावं तरी, रुसून जायला हा काय पोरखेळ आहे का. आत्या म्हणे काहीच म्हणत नसे. तो फोटो महिपतीच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या बरोबर वर लटकत होता.

आणि महिपतीनं जगजाहीर लिहिलं होतं, ‘सगळं ओझं तिनं वाहिलं, फोटोत मात्र भलताच.’

घाबरून त्यानं तिथल्या तिथं नवं स्टेटस टाकलं, ‘खुलासा : आत्याबाई हे एक खेचर आहे.’ उत्कर्षानं ते बघितलं आणि पीठभरल्या हातांनी फोन हिसकावून घेतला. आधीच्या ओळी आत्यानं स्वतःवर घेतल्या असतील तर ही ओळ ती कुणावर घेईल, एवढंच तिनं विचारलं.  स्टेटस चार मिनिटांत पुसलं. तेवढ्यात ते दोघांनी पाहिलं होतं. एक दूधवाला आणि दुसरा हेडक्लार्क, ज्यानं खाली नमस्काराचं चित्र पाठवलं होतं.

शुक्रवारी त्यानं गुरूला फोन लावला. खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच लावला होता. पण गुरू त्याला बोलूच देईना. आई कालपासनं गाणी म्हणतीया, गल्लीत घरोघर सांगून आली, नवं इरकल लुगडं काढून ठेवलंय, असं तो सांगत राहिला. शेवटी म्हणाला, “दादा, एकोणीस वर्सांनी कुणीतरी बोललं बघ. आमच्यातनं कुणाला जमलं न्हाय ते तू केलंस.” आता या माणसाला खेचराचं कसं सांगायचं? महिपतीनं तब्येतीची काळजी घ्यायला सांगून फोन ठेवला.

राहता राहिली आई. सारजा रविवारी येणार म्हटल्यावर तिनं माळ बाजूला ठेवली आणि शांतपणे सांगितलं की, आली तर येऊ दे, मी आतल्या खोलीत बसणार, मला कुणी बाहेर बोलवायचं नाही. उत्कर्षानं हेही सांगायचा प्रयत्न केला की, यात मूळ भानगड एका पुस्तकाची आहे. आईनं विचारलं, त्या पुस्तकात माझंबी नाव घातलंय का. मग उत्कर्षानंही नाद सोडला.

सभा रद्द करावी, असं उत्कर्षाचं म्हणणं होतं. पण इथं महिपतीच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. आयुष्यभर वळसे घातले, हा एक घालायचा नाही, असं तो म्हणाला. आत्यालाही दुखवायचं नाही आणि आत्याबाईलाही सोडायचं नाही. कसं, ते विचारू नका. (त्यालाही माहीत नव्हतं.)

रविवारी चार वाजता बडेसाब स्कूटरवर फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आला. आठ फुटी फ्लेक्स. वर लाल अक्षरांत ‘आत्याबाईला न्याय मिळालाच पाहिजे’. खाली चित्र. फ्लेक्सवाल्याकडं खेचराचा फोटो नव्हता, म्हणून त्यानं गाढवाचा घेऊन कान थोडे आखडले होते, आणि सवयीनं गळ्यात हार घातला होता. कोपऱ्यात हात जोडलेला महिपती. महिपतीनं फ्लेक्स फाटकाला बांधला आणि खालचा अर्धा भाग वर दुमडून सुतळीनं आवळून टाकला. बडेसाबला त्यानं घाईघाईत सगळं सांगितलं. बडेसाब डोक्याला हात लावून म्हणाला, “नक्को बाबा, मी कायच बोलत नाही. आज मुका.” बाकीच्यांना सांगायला वेळ मिळाला नाही, कारण कोपऱ्यावर रिक्षा थांबली होती.

सारजाआत्या उतरली. हातात कडक भाकरीचं गाठोडं, अंगावर नवं इरकल. फ्लेक्स बघून ती रस्त्यातच उभी राहिली. तिला वाचता येत होतं, पण ती एकेक अक्षर लावून वाचायची. तेवढी ओळ वाचायला तिला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ महिपती फाटकाला धरून उभा होता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “येवढं मोटं कशाला रं लिवायचं,” आणि डोळ्याला पदर लावला.

सहाला मंडळी जमली. नऊ जण. घोषणा सुरू झाल्या. ‘आत्याबाईला न्याय द्या’, ‘आत्याबाईशिवाय खोरे नाही’. दुसरीचा अर्थ आत्याला लागला नसावा, पण ती मान डोलावत होती. फिरदोसबाईंनी मोबाइलवर थेट प्रक्षेपण चालू केलं. त्यांना आतली भानगड ठाऊक नव्हती. एवढ्या लांबून आलेल्या ज्येष्ठ वाचक म्हणून त्यांनी मोबाइल आत्यासमोर धरला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. महिपतीनं ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं, तोपर्यंत आत्यानं पदर खांद्यावरून घेतला होता.

ती साधंच बोलली. मी काय शिकलेली नाही, म्हणाली. दोन दिवस धुरात बसले, त्याचं काही वाटलं नाही. घरचं कार्य होतं. पण माणसं फोटोला उभी राहताना एकाच्या तरी ध्यानात यायला पाहिजे होतं की आपल्यातलं एक माणूस कमी आहे. तेवढं आलं नाही. “मान नगं हुता मला,” ती म्हणाली, “निसती हाक मारायची हुती.”

वाचक मित्र एकमेकांकडं बघायला लागले. हा प्रसंग कितव्या खंडातला, असं एकानं हळूच विचारलं. बडेसाब आभाळाकडं बघत होता. फिरदोसबाईंचे मात्र डोळे भरून आले, आणि त्यांनी मोबाइल हलू दिला नाही.

आणि तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. मला कुणी बाहेर बोलवायचं नाही म्हणणारी आई स्वतःच्या पायांनी बाहेर आली होती. ती तडक फाटकाशी गेली. माझ्याच दारात माझीच बदनामी टांगता, असं म्हणून तिनं फ्लेक्सला हात घातला आणि ओढला. सुतळी तुटली. दुमडलेला भाग फाडकन खाली आला.

हार घातलेलं ते आखूड कानाचं जनावर सगळ्यांच्या पुढ्यात उभं राहिलं. वर लाल अक्षरांत आत्याबाई. कोपऱ्यात हात जोडून महिपती.

 आई हातातली सुतळी घेऊन तशीच उभी राहिली. आत्यानं आधी चित्राकडं बघितलं, मग वरच्या अक्षरांकडं, मग पुन्हा चित्राकडं.

“ही कोन?” तिनं विचारलं.

महिपतीला वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. (तांबडखोऱ्यात तशी सोय आहे.) पण जमीन जुळे सोलापूरची होती, ती जागची हलली नाही. तेव्हा त्यानं खरं सांगितलं. खाली मान घालून, आवक-जावकच्या आवाजात. आत्या, हे एका पुस्तकातलं खेचर आहे. याचं नाव आत्याबाई. माझं सगळं लिहिणं हिच्याबद्दल होतं. तुझा गैरसमज झाला, आणि मला कळल्यावरही सांगायचा धीर झाला नाही.

आत्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. ती गाठोडं उचलणार, असं उत्कर्षाला वाटलं आणि ती पुढं झाली. पण आत्यानं गाठोडं उचललं नाही.

“काय केलंतं तिनं?” आत्यानं विचारलं.

“कुणी?”

“ह्या तुज्या आत्याबाईनं. न्याव मागतुयास म्हन्ल्यावर काईतरी केलं असंल की.”

“एक लंगडा पोरगा होता,” महिपती म्हणाला. “त्याला चालता यायचं न्हाय. हिला दिसायचं न्हाय. तरी हिनं त्याला सगळीकडं पाठीवर नेलं. दिवे लावायला नेलं, लढाईला नेलं. आता त्याच्यावर टीव्हीत खेळ काढलाय, त्यात हिला घेतलंच न्हाय.”

 आत्यानं महिपतीच्या डाव्या पायाकडं बघितलं.

“साळंला मीच न्यायची तुला,” ती म्हणाली. “पाटीवर. माजं लगीन हुस्तवर. वड्याच्या पान्यातनं जाताना मानंला मिठी मारायचास.”

हे महिपती विसरला नव्हता. पण गेल्या चाळीस वर्षांत त्याला ते आठवलंही नव्हतं. अकरावं पान त्यानं इतक्या वेळा वाचलं, आणि ते वाचताना मानेला मिठी मारल्यासारखं का वाटतं, हा विचार त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता. 

आत्या चित्राजवळ गेली. “म्हंजे समदं हिनं केलं, आन् टायमाला हिलाच वगळलं?”

“व्हय.”

“मग बराबर हाय तुमचं.” तिनं कमरेला पदर खोचला आणि मंडळींकडं वळली. “गप का ऱ्हायलासा? द्या की घोषना.”

घोषणा अशी झाली की समोरच्या घरातली माणसं गच्चीवर आली. आत्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बडेसाबचं मुकेपण सुटलं.

आई अजून सुतळी घेऊन उभी होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. घोषणा थांबल्यावर ती कुणाकडंच न बघता म्हणाली, “त्या फोटूत मी तरी कुटं धड हाय? माजं डोळं मिटल्यात. एकुनीस वर्सं भिताडावर आंधळ्यावानी बसलीया मी.”

आत्या वळली. “बगू.”

दोघी आत गेल्या. टीव्हीच्या वरचा फोटो उत्कर्षानं काढून दिला. आत्यानं तो लांब धरून, जवळ धरून बघितला. “व्हय की,” ती म्हणाली. “आन् महिपतीचा बा, आमचा दादाबी वाकडाच बगतुया. काय धड न्हाय ह्यात.” आईनं विचारलं, च्या टाकू का. आत्या म्हणाली, “बेडा. आदी पानी दे.” (अक्कलकोटला राहून तिचं ‘नको’ असं कानडीत निघायचं.) एकोणीस वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं ते एवढंच.

सात वाजायला आले. वाचक मित्र बंद टीव्हीसमोर सतरंजीवर ओळीनं बसले. आत्यानं विचारलं, हे काय चाललंय. महिपतीनं बहिष्काराचं समजावून सांगितलं. आत्याला ते अजिबात पटलं नाही. बघितल्याशिवाय भांडायचं कसं, असं तिचं म्हणणं. उद्या ते म्हणतील, खेचर होतं, तुम्हीच बघितलं नाही, तेव्हा काय करणार. या मुद्द्यावर वाचक मित्र टीव्हीच्या आणखी जवळ सरकले. (बरेच जण अशा मुद्द्याची वाटच बघत होते.) आईनं टीव्ही लावला. महिपती तेवढा निषेध म्हणून टीव्हीकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला.

पण कानाला पाठ करता येत नाही. पार्श्वसंगीत वाजायला लागलं. कुशंक धावत आला असावा, कारण टापटाप पावलं वाजली, दोन्ही सारख्या ताकदीची. महिपतीचा खांदा जरा आक्रसला. आत्या त्याच्या शेजारीच बसली होती.

“ह्यो लंगडत न्हाय की,” ती म्हणाली.

“न्हाय.”

आत्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढं तासभर तो काढला नाही.

हात काढला नाही, पण डोळेही टीव्हीवरून काढले नाहीत. मालिकेत नागांची एक राणी होती. हिरवी साडी, हातभर दागिने, आणि दोन वाक्यांमागं एकदा डोळ्यांतून पाणी. पुस्तकात ही बाई कुठल्याच खंडात नाही. पहिला भाग संपला तेव्हा आई आणि आत्या दोघी राणीसाठी हळहळत होत्या, आणि फिरदोसबाई गुपचूप विचारत होत्या की पुढचा भाग कधी.

आत्या आठ दिवस राहायचं म्हणून राहिली, ती महिना झाला तरी हलली नाही. महिपतीनं वाहिनीला नऊ सह्यांचं निषेधाचं पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. पाहत राहा.’ त्यावर त्यानं आवकचा शिक्का मारून ते फायलीला लावलं. दर रविवारी दोघी म्हाताऱ्या सातच्या ठोक्याला टीव्हीपुढं बसत, आणि तो स्वयंपाकघरात जाऊन शेंगा फोडत बसे. माघार घ्यायची नाही, एवढं त्याचं ठरलेलं होतं. मात्र नुसतं बसून काही होणार नाही, यांना खरं ‘तांबडखोरे’ ऐकवलं पाहिजे, असं त्याच्या मनानं घेतलं.

एका सोमवारी संध्याकाळी त्यानं पहिला खंड काढला आणि दोघींना समोर बसवून वाचायला सुरुवात केली. तीन संध्याकाळी तो वाचत होता. दिवे लावायचे आवाज, राक्षसांचं घोगरं बोलणं, सगळं करून दाखवलं. अकरावं पान वाचताना त्याला मधेच थांबून पाणी प्यावं लागलं. उत्कर्षासुद्धा दाराशी येऊन उभी राहिली. दोघी शेंगा खात, एकही शब्द न बोलता ऐकत होत्या. आपण जिंकलो, असं महिपतीला वाटलं. तिसऱ्या दिवशी पुस्तकात खूण घालून त्यानं मोठ्या आशेनं विचारलं की, कसं वाटलं.

आई आत्याकडं बघायला लागली, आत्या आईकडं. मग आत्यानं मांडीवरची टरफलं झाडली.

“वाईट वाटून घिऊ नगं,” ती म्हणाली, “पर ह्या पुस्तकवाल्यानं लई बदाललंय रं. टीव्हीत असं न्हाय.”

“ती राणी येवढी गुनाची बाई,” आई म्हणाली. “तिला तर ह्येनं घेतलीच न्हाय की. सोडू नगंस त्येला, महिपती. तुज्याकडं नऊ मानसं हायती. मोर्चा काड.”